धरणाखाली कोण हलतं?

मुळशीचं धरण ऑगस्टमध्ये पाहिलंय? पौडवरून ताम्हिणीकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, की बराच वेळ शेजारून पाणीच पाणी जात राहतं. ताम्हिणीच्या डोंगरांवर एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. पुण्यात वर्षभरात पडतो सातशेच्या आसपास. ढग पुण्याला पोचेपर्यंत जवळजवळ रिकामेच झालेले असतात! त्यांनी वाटेत ओतलेलं पाणी ओढ्यानाल्यांतून मुळा नदीत येतं आणि धरणाच्या भिंतीशी थांबतं.

आता एक प्रश्न. इतकं पाणी एकाच जागी आणून साठवलं, तर खालच्या जमिनीला काहीच होत नसेल?

"जमिनीला काय व्हायचंय!" असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. याच प्रश्नावर मोठमोठे शास्त्रज्ञ पूर्वी एकमेकांशी कडाकडा भांडलेले आहेत. कारण मुळशीपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला, कोयनेला, जमिनीला खरोखरच काहीतरी झालं होतं.

कोयना नदी जरा चमत्कारिक आहे. उगम महाबळेश्वरला. तिथून निघते ती सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेकडे सरळ धावत सुटते, आणि हेळवाकजवळ आली की एकदम काटकोनात पूर्वेला वळते. मग कऱ्हाडला कृष्णेला भेटते. नकाशा काढून बघाच. नदी अशी पट्टीने आखल्यागत वाहायला लागली, की भूगर्भशास्त्रज्ञांच्या भुवया वर जातात. कारण नद्यांना जमिनीतल्या जुन्या भेगांची वाट सोपी पडते. याच नदीवर, त्या वळणाजवळ, १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं. मागे जो प्रचंड जलाशय तयार झाला त्याचं नाव शिवाजीसागर.

धरणात पाणी साठायला लागलं १९६२च्या सुमाराला. आणि लवकरच आसपासच्या गावांत जमिनीतून घुमणारे आवाज ऐकू यायला लागले. आवाजापाठोपाठ बारीकसा हादरा. कधी भांडी वाजायची, कधी दाराची कडी. दख्खनचं पठार म्हणजे टणक, जुनं, शांत. इथे भूकंप होत नसतात, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. त्यामुळे या हादऱ्यांचं करायचं काय हेच पुष्कळांना कळेना. तरी बरं, काही लोकांनी तिथे भूकंपमापक यंत्रं बसवली. यंत्रांच्या कागदावर रेघा उमटायला लागल्या, त्या थांबायचं नाव घेईनात. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचच्या वरच्या तीव्रतेचा एक धक्का बसला.

मग ११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. थंडीत सगळे गाढ झोपलेले. ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर मुळापासून हललं. तिथली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. कोयनेच्या पाण्यावर चालणाऱ्या पोफळीच्या वीजघरातली वीज बंद पडली आणि अंधार मुंबईपर्यंत पोचला. पुण्यात, मुंबईत, गोव्यात लोक घराबाहेर धावले.

आणि धरण? धरण उभं राहिलं. वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या, थोडं पाणी झिरपलं, पण भिंत पडली नाही. पुढे काँक्रीटचे भक्कम आधार देऊन ती आणखी मजबूत केली. गंमत अशी, की भिंतीच्या पोटातल्या एका बोगद्यात एक यंत्र बसवलेलं होतं. जमीन नेमकी कशी आणि किती जोरात हलली हे त्याने सेकंदासेकंदाने लिहून ठेवलं. जमिनीच्या ओढीचा, म्हणजे गुरुत्वाचा, जो जोर आपल्याला खाली धरून ठेवतो, त्याच्या साठ टक्क्यांहून जास्त जोराने भिंत आडवी हलवली गेली होती. एवढ्या मोठ्या धक्क्याची अशी नोंद, तीही धरणाच्या आतून, तोवर फारशी कुणाच्या हाती लागली नव्हती. आजही जगातले इंजिनिअर नव्या धरणाचं गणित तपासून पाहताना कोयनेची ती वेडीवाकडी रेघ संगणकात घालतात आणि आपलं धरण टिकतं का बघतात. साताऱ्याच्या एका दरीतली पहाट अशी जगभरच्या वर्गांत पोचली आहे.

आता त्या भांडणाकडे येऊ. एक गट म्हणाला, पाण्यामुळे भूकंप झाला. दुसरा म्हणाला, छे, योगायोग! भूकंप व्हायचाच होता, धरण नसतं तरी झाला असता.

पहिल्या गटाकडून हमखास पुढे यायचं ते उत्तर म्हणजे वजन. शिवाजीसागर भरला की त्यात तेव्हा जवळजवळ २८० कोटी टन पाणी मावायचं. एवढं वजन बसल्यावर जमीन दबणारच. ऐकायला पटतं ना? मलाही ऐकायला पटतं. पण हिशेब करून बघू. पेन्सिल घ्या.

समजा पाणी १०० मीटर खोल आहे. कोयनेचे भूकंप फार खोल होत नाहीत, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतच. आपण ५ किलोमीटर धरू. त्या खोलीवर आधीच वरच्या ५,००० मीटर खडकाचं वजन बसलेलं आहे. खडक पाण्याच्या साधारण २.७ पट जड. मग ५,००० गुणिले २.७ म्हणजे १३,५०० मीटर खोल पाण्याइतकं वजन तिथे कोट्यवधी वर्षं होतंच. त्यात आपण भर घातली १०० मीटरची. एक टक्कासुद्धा नाही! खालच्या खडकाला आपल्या धरणाची दखल घ्यायचंही कारण नाही.

वजनावर सगळा भार टाकता येत नाही तो असा. मग पाणी करतं तरी काय?

त्यासाठी आधी हे बघू, की जमिनीखाली पाणी यायच्या आधी काय चाललं होतं. आपला भारत ज्या भल्यामोठ्या खडकाच्या तबकावर बसलाय, ते वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतंय. समोर आशिया उभा. टक्करीतून हिमालय वर आला आणि अजून येतोय. पण टक्कर फक्त हिमालयातच जाणवते असं समजू नका. ढकलण्याचा ताण सगळ्या तबकात पसरतो, अगदी दख्खनमध्येही. आता दख्खनच्या खडकात कुठेकुठे फार जुन्या भेगा आहेत. त्यांना भ्रंश म्हणतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना सरकायचं असतं, पण दोन्ही भिंती एकमेकींवर इतक्या घट्ट दाबलेल्या, की घर्षण त्यांना जागचं हलू देत नाही. ताण वाढतो, वाढतो, शेकडो-हजारो वर्षं वाढत राहतो. एक दिवस घर्षण हरतं. भेग झटक्यात सरकते. तोच भूकंप.

म्हणजे कोयनेखाली ताण होता आपल्या तबकाचा, भेग होती जुनी. धरणाने त्यात ना ताण आणला ना भेग. त्याने आणलं फक्त पाणी. आणि पाणी भेगांत शिरतं.

इथे पुष्कळ जण म्हणतात, कळलं! पाण्याने भेग गुळगुळीत झाली आणि घसरली. नाही, तसं नाही. पाणी इथे तेलाचं काम करत नाही. ते ढकलतं. जलाशयाची पातळी वर चढली की भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि तो दाब भेगेच्या दोन्ही भिंतींना आतून किंचित दूर रेटतो. भिंती अलग होत नाहीत, पण एकमेकींवरची त्यांची पकड सैल होते.

हे घरी करून पाहता येतं. स्टीलचा एक पेला फ्रीजमध्ये चांगला गार करा. एक मोठं गुळगुळीत ताट ओलं करा आणि एका बाजूला वही सारून अगदी थोडं तिरपं ठेवा. पेल्याची कड ओली करून तो ताटात उपडा ठेवा. आधी तो गप्प बसेल. हात लावू नका, नुसतं बघा. थोड्या वेळाने आतली गार हवा तापते, फुगते, पेल्याला आतून वर रेटायला लागते, आणि पेला आपोआप उतारावरून चालू लागतो! ताटाचा उतार तोच, पेल्याचं वजन तेच. बदलला फक्त आतला दाब. नाही जमलं तर ताटाचा उतार थोडा वाढवा, पेल्याची कड सगळीकडून टेकलीय का ते बघा. १९५९ साली अमेरिकेत हबर्ट आणि रूबी या दोन शास्त्रज्ञांनी ओल्या काचेवर पत्र्याचा रिकामा डबा ठेवून हेच दाखवलं होतं. डोंगराएवढे खडक कमी उतारावरून कसे सरकू शकतात हे त्यांना समजावून सांगायचं होतं. अवजड सिद्धान्तासाठी असा साधा डबा वापरणारे शास्त्रज्ञ मला फार आवडतात.

कोयनेत पेल्यातल्या हवेच्या जागी पाणी आहे, एवढाच फरक. म्हणून शास्त्रज्ञ आता म्हणतात, की पाण्याने भूकंप केला नाही. सरकायच्या बेतात असलेल्या भेगेला त्याने शेवटची परवानगी दिली. भांडणातले दोन्ही गट थोडेथोडे बरोबर निघाले म्हणायचे! धरण नसतं तर तो भूकंप कदाचित आणखी खूप वर्षांनी झाला असता.

याला पुरावा काय? वेळापत्रक! पावसाळ्यात शिवाजीसागर भरत जातो, आणि त्यानंतरच्या महिन्यांत कोयनेचे धक्के वाढतात. दाब खडकातून खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून उशीर. पाणी फार झरझर चढलं, किंवा आधी कधी चढलं नव्हतं इतकं वर गेलं, की धोका जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता यांनी उभं आयुष्य कोयनेच्या या वेळापत्रकाचा अभ्यास केला. १९८५ पासून दक्षिणेला वारणेच्या धरणात पाणी साठू लागलं, आणि मग धक्के त्याही बाजूला सरकले. १९६७ पासून आजवर तिथे पाचच्या वरचे वीसेक, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास आणि बारीकसारीक तर हजारो भूकंप झालेत. सगळे कुठे? वीस-तीस किलोमीटर लांबीरुंदीच्या एका टापूत. हा टापू आपल्या मुळशी तालुक्यापेक्षाही लहान आहे. जगात इतरत्रही असं झालंय. आफ्रिकेतलं करिबा, चीनमधलं शिनफेंगच्यांग, ग्रीसमधलं क्रेमास्ता. पण धरणाच्या पाण्याने जागा केलेला सगळ्यात मोठा भूकंप म्हणून आजही नाव घेतात ते कोयनेचंच.

"मग आमच्या मुळशीचं काय?" हे तुम्ही मघापासून विचारताय, ऐकू येतंय मला.

महाराष्ट्रात दोन हजारांहून जास्त मोठी धरणं आहेत. देशात सगळ्यात जास्त आपल्याकडेच. त्यातल्या कोयना-वारणेची गोष्ट आपण ऐकली. १९८३ मध्ये शहापूरजवळच्या भातसा धरणाच्या परिसरातही धक्के बसले होते. अशी अगदी थोडी नावं सोडली, तर बाकीची धरणं दरवर्षी भरतात, रिकामी होतात, आणि जमीन हूं की चूं करत नाही. मुळशीचं धरण त्या गप्प बसणाऱ्यांपैकी. त्याची उंची कोयनेच्या निम्मीही नाही, पन्नास मीटरच्या आतच. पाणी साधारण पाचव्या हिश्शाएवढं. खोली कमी म्हणजे भेगांत शिरणाऱ्या पाण्याचा दाबही कमी. पण खरी मेख त्याच्याही खाली आहे. पाण्याला परवानगी द्यायला खाली कुणीतरी ती मागणारं हवं ना! ताणाने टेकीला आलेली भेग नसेल, तर वर कितीही पाणी साठवा, काही होत नाही. शंभरेक वर्षांत मुळशीच्या पाण्याने कोयनेसारखी भेग जागी केल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

तरी मुळशीचं धरण म्हटलं की खळबळ आठवतेच, मात्र ती जमिनीवरची. टाटांनी हे धरण बांधलं ते विजेसाठी. इथलं पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पश्चिमेला जातं आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर खाली, कोकणात भिऱ्याला, जाऊन चक्रं फिरवतं. ते बांधताना मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांची गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यापासून. धरण थांबलं नाही. जमीन हलली नाही, पण माणसांना हलावं लागलं.

मुळशीची जमीन स्वतः गप्प असली तरी दुसरीकडचा हादरा तिला जाणवतोच. भूकंपाच्या सरकारी नकाशात पुणे जिल्हा अनेक वर्षं तिसऱ्या गटात होता, म्हणजे मध्यम धोक्याचा. कोयना त्याच्या वरच्या, चौथ्या गटात. समजा, आत्ता कोयनेला एक मोठा धक्का बसला. तो तुमच्यापर्यंत कसा येईल?

भूकंपातून दोन मुख्य लहरी निघतात. पहिली प्राथमिक लहर. ती खडकाला पुढेमागे दाबत-ताणत येते, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. दुसरी दुय्यम लहर. ती जमीन आडवी हलवत येते, सेकंदाला साडेतीन किलोमीटर. हळू येते, पण घरं पाडण्याची ताकद तिचीच जास्त. आता भागाकार. १२५ किलोमीटर अंतर. पहिली लहर मुळशीला पोचेल २१ सेकंदांत. दुसरी पोचेल ३६ सेकंदांत. मध्ये १५ सेकंद! पहिला बारीक ठोका जाणवला आणि तुम्ही लगेच ओळखलंत, तर पंधरा सेकंदांत मजबूत टेबलाखाली शिरता येईल. उलटही करता येतं. दोन ठोक्यांमधले सेकंद मोजायचे, आठाने गुणायचं, की भूकंप अंदाजे किती किलोमीटरवर झाला ते कळतं. कोयनानगरच्या मुलांना मात्र ही सवलत नाही. त्यांच्या पायाखालीच उगम असल्यामुळे दोन्ही लहरी जवळजवळ एकदमच येतात.

या पंधरा सेकंदांचा वापर सगळ्यात हुशारीने कुणी केला असेल, तर जपानने.

जपान हा बेटांचा देश. आपण एका तबकाच्या मधोमध बसलोय, तर जपान चार तबकांच्या कोपऱ्यावर. पॅसिफिकचं तबक वर्षाला आठेक सेंटिमीटर सरकत त्याच्या खाली घुसतंय. जगातल्या सहाच्या वरच्या भूकंपांपैकी साधारण पाचवा हिस्सा एकट्या जपानच्या वाट्याला येतो. आपल्या गोष्टींत शेषनाग फणा हलवतो आणि पृथ्वी हलते. जपानच्या गोष्टींत जमिनीखाली एक अगडबंब मासा राहतो, नामाझू. एक देव त्याला दगडाने दाबून धरतो. देवाचं लक्ष जरा इकडेतिकडे गेलं, की मासा शेपटी आपटतो.

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बाराला दोन मिनिटं कमी. तोक्यो आणि योकोहामामध्ये घरोघरी चुलीवर जेवण शिजत होतं. तेवढ्यात मोठा भूकंप झाला. लाकडी घरं चुलींवर कोसळली, आगी लागल्या, आणि लाखाहून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक आगीत. तो दिवस जपानमध्ये आता दरवर्षी आपत्तीच्या सरावाचा दिवस असतो. कितीतरी शाळांत मुलांच्या खुर्चीवर एक जाड गादी असते. एरवी बसायला, आणि जमीन हलली की तीच गादी टोपीसारखी डोक्यावर. आपल्या शाळांच्या बाकांवर अशी गादी कधी येणार, असं मनात आलं ना? भूकंपासाठी नव्हे, बसण्यासाठीच!

मग ११ मार्च २०११. तीव्रता ९. कोयनेचा ६.३, म्हणजे तीनपेक्षाही कमी पायऱ्यांचा फरक, असं समजू नका. एक पायरी वर गेलं की ऊर्जा ३२ पट होते. हिशेब केला तर २०११च्या त्या एका भूकंपात कोयनेसारखे दहा हजारांहून जास्त भूकंप मावतात. पण किनाऱ्यावरच्या यंत्रांनी पहिली, निरुपद्रवी लहर पकडली आणि ताबडतोब विजेच्या वेगाने निरोप पुढे धाडला. बुलेट ट्रेनचे ब्रेक आपोआप लागले. त्या भागात धावणारी, प्रवाशांनी भरलेली एकही बुलेट ट्रेन रुळावरून घसरली नाही. तोक्योतल्या लोकांना मोठा हादरा यायच्या आधी मिनिटभर वेळ मिळाला.

त्सुनामीपुढे मात्र जपानचीही हुशारी कमी पडली. समुद्र आत घुसला, काही जागी तर चाळीस मीटर उंचीपर्यंत चढला, आणि अठरा हजारांहून जास्त माणसं मेली किंवा हरवली. पण आनेयोशी नावाचं एक छोटं गाव वाचलं. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथल्या लोकांनी डोंगरउतारावर एक दगड रोवला होता आणि त्यावर बजावून ठेवलं होतं, की याच्या खाली घर बांधू नका. नातवंडा-पतवंडांनी ऐकलं. २०११ ची लाट त्या दगडापर्यंत पोचलीच नाही, थोडी अलीकडेच थांबली.

घर कुठे बांधायचं हे त्या दगडाने सांगितलं. कसं बांधायचं हे सांगणारी दुःखद गोष्ट आपल्याकडचीच आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र संपत आलेली. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यात किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला. कोयनेपेक्षा किंचित लहानच. तरी तिथे हजारो माणसं गेली. का? घरं माळवदाची होती. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आणि वर लाकडांवर अंथरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारेगार, म्हणून पिढ्यान्पिढ्या तशीच बांधत आले. पण दगड मातीने नुसते चिकटवलेले. आडवा हादरा बसताच भिंती फुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्यांवर आली.

आणि मुळशीत? इथल्या जुन्या घरांच्या भिंती पुष्कळदा कारवीच्या कुडाच्या असत. तीच कारवी, जी सात वर्षांनी एकदा फुलून डोंगर जांभळे करते. तिच्या काठ्या ओळीने बांधायच्या, वर शेणामातीचा गिलावा. अशी भिंत हादऱ्याने लचकते, आणि पडलीच तरी तिचं वजन ते किती! इथला पाऊस सोसायला छपरंही उतरती, हलकी. भूकंपाचा विचार करून कुणी तशी बांधली नव्हती. कारवी दारात होती, दगडाला पैसे पडायचे. आता सगळीकडे सिमेंटची घरं आलीत. ती वाईट नाहीत. खांब, तुळया आणि त्यांना बांधणाऱ्या सळया नीट घातलेल्या असल्या की चांगली टिकतात. तुमच्या गावात नवं घर चाललं असेल, तर स्लॅब पडायच्या आधी जाऊन बघा. खांबाच्या उभ्या सळयांभोवती आडव्या रिंगा किती जवळजवळ घातल्यात ते मोजा. गवंडीकाकांना विचाराल तर ते कौतुकाने सांगतील. किंवा "जा, अभ्यास कर" म्हणतील.

शेवटी परत त्या भेगेकडे. इतकी वर्षं शास्त्रज्ञांनी कोयनेच्या भेगेचा अभ्यास केला तो जमिनीच्या वरून. मग ठरलं, आत जाऊन बघायचं. कऱ्हाडजवळ त्यासाठी खास प्रयोगशाळा उभारली आणि कोयनेच्या मुलखात खोल खोल भोकं पाडायला सुरुवात केली. आधी दीड किलोमीटरच्या आसपासची काही. मग गोठणे गावात एक मोठं, तब्बल ३ किलोमीटरचं. ते २०१७ मध्ये पुरं झालं. वर सव्वा किलोमीटर काळा पाषाण, तोच, जो ताम्हिणीच्या कड्यांवर थरांवर थर दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे ते थर. त्याखाली मात्र एकदम ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक लागला. मध्ये दुसरं काहीच नाही. कोयनेच्या भेगा या जुन्या, खालच्या खडकातल्या आहेत.

आता यंत्रं अशा भोकांमधून भेगेच्या जवळ न्यायची, तिथल्या पाण्याचा दाब, खडकावरचा ताण, उष्णता मोजत बसायचं, आणि भूकंपाच्या आधी खाली काही बदलतं का ते पाहायचं, असा बेत आहे. अजून जगात कुणालाही भूकंप कधी होणार हे आधी सांगता आलेलं नाही, जपानलाही नाही. कोयनेला मात्र एक सोय आहे. भूकंप कुठे होणार हे तिथे माहीत असतं, जागा लहान आहे, आणि दरवर्षी पाऊस पडतो, धरण भरतं. अडचण खोलीची. गोठण्याचं भोक ३ किलोमीटरवर संपतं, आणि तिथले कितीतरी भूकंप सुरू होतात त्याच्याही खाली, पाच-सात किलोमीटरवर.